लॉगिन न करताही चालणारं सिंकथिंग: सिस्टमडी सर्व्हिस म्हणून कसं आहे?

सिंकथिंग चांगलं की वाईट, हा वाद जुना झाला. मधला कुठलाही सर्व्हर न ठेवता दोन-चार मशीनवरचे फोल्डर एकसारखे ठेवायचे असतील तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. या परीक्षणाचा प्रश्न वेगळा आहे: कुणी लॉगिन केलेलं नसताना, स्क्रीन नसलेल्या मशीनवर, लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या हाताखाली, पार्श्वभूमीत सर्व्हिस म्हणून ते कसं वागतं? उत्तर आधीच सांगून टाकतो. सोबत येणाऱ्या युनिट फाइली, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइली, नीट विचार करून लिहिलेल्या आहेत आणि प्रोग्रॅम महिनोन्‌महिने कुरकुर न करता चालतो. पण काही बिघडलं तरीही तो कुरकुर करत नाही, आणि सर्व्हिस म्हणून वापरताना त्याची खरी उणीव हीच आहे.

२०१३ साली सुरू झालेला हा प्रकल्प गो भाषेत लिहिलेला असून एमपीएल २.० या मुक्त परवान्याखाली आहे. सगळा प्रोग्रॅम म्हणजे एकच बायनरी फाइल. वेगळ्या लायब्ररी नाहीत, वेगळा डेटाबेस सर्व्हर नाही, त्यामुळे सर्व्हिस करायला तो मुळातच सोयीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये २.० आवृत्ती आली आणि आतला डेटाबेस लेव्हलडीबीवरून एसक्यूलाइटवर गेला. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

कुठलं युनिट लावायचं

पॅकेजबरोबर दोन युनिट येतात. एक यूजर युनिट, ‘सिंकथिंग.सर्व्हिस’. दुसरं सिस्टम युनिट, ‘सिंकथिंग@.सर्व्हिस’, ज्यात ॲट चिन्हापुढे वापरकर्त्याचं नाव लिहायचं असतं. बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून जरा थांबू.

यूजर युनिट ‘सिस्टमसीटीएल --यूजर एनेबल --नाऊ सिंकथिंग’ असं लावायचं, सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) न वापरता. ते त्या वापरकर्त्याच्या पहिल्या लॉगिनबरोबर सुरू होतं आणि त्याचं शेवटचं सेशन संपलं की थांबतं. लॅपटॉपवर हेच योग्य. सर्व्हरवर मात्र एसएसएचमधून (दुरून लॉगिन करायची सोय) बाहेर पडताच सिंक बंद होतं, आणि परत एसएसएचने आत येऊन बघावं तर ते चालूच दिसतं, कारण तुमच्या लॉगिननेच ते पुन्हा सुरू केलेलं असतं. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ आणि पुढे वापरकर्त्याचं नाव, एवढं एकदा दिलं की यूजर युनिटही बूटपासून चालतं.

सिस्टम युनिट सुडोने लावतात, पण चालतं ते ॲट चिन्हापुढच्या वापरकर्त्याच्या नावाने. तिथे ‘रूट’ (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) लिहायचा मोह टाळा. रूटने चालवलं की कॉन्फिगरेशन रूटच्या होममध्ये जातं, येणारी प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची होते, आणि दोन दिवसांनी आपल्याच फोल्डरमधली फाइल सेव्ह करताना ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं. मग लोक ‘चाऊन’ ही कमांड चालवून मालकी बदलतात. जुन्या फाइली सुटतात, पण नवीन येणाऱ्या पुन्हा रूटच्याच. सिंकथिंग मालकी सहसा सिंक करतच नाही, ज्या नावाने चालतं त्याच नावाने फाइल लिहितं. तेव्हा इलाज मालकी बदलण्यात नाही, सर्व्हिसचा वापरकर्ता बदलण्यात आहे.

आणखी एक नेहमीची चूक: दोन्ही युनिट एकाच वापरकर्त्यासाठी चालू ठेवणं. आधी सुरू झालेली प्रत डेटाबेस धरून बसते, दुसरी ‘आणखी एक प्रत चालू आहे का?’ अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये टाकून बंद पडते, सिस्टमडी तिला पुन्हा उठवतं, ती पुन्हा पडते. मूळ युनिटमध्ये ६० सेकंदांत ४ प्रयत्नांची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे हा खेळ लवकर थांबतो आणि स्टेटसमध्ये ‘फेल्ड’ दिसतं. गंमत अशी की सिंक व्यवस्थित चालू असतं, फक्त तुम्ही बघत असता ते युनिट मेलेलं असतं.

होम डिरेक्टरी लॉगिननंतरच डिक्रिप्ट होत असेल तर बूटवेळी चालणारं युनिट वापरू नका. त्या क्षणी कॉन्फिगरेशन आणि सर्टिफिकेट जागेवर नसतात. सर्व्हिस एकतर पडते किंवा नवं सर्टिफिकेट बनवून नवीच ओळख घेऊन उभी राहते. डिव्हाइस आयडी हा त्या सर्टिफिकेटचाच हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो, त्यामुळे बाकीची मशीन तिला ओळखत नाहीत.

युनिटच्या आत

सुरुवातीच्या ओळीत ‘सर्व्ह’ या कमांडबरोबर ‘--नो-ब्राउझर’ आणि ‘--नो-रीस्टार्ट’ असे दोन पर्याय दिसतील. पहिल्याचा अर्थ उघड आहे. दुसरा अशासाठी, की सिंकथिंगची स्वतःवर लक्ष ठेवणारी एक वेगळी प्रक्रिया असते. सिस्टमडी तेच काम करत असताना दोन राखणदार कशाला?

‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ आणि त्याखाली ३ व ४ या एक्झिट कोडचा (प्रोग्रॅम बंद होताना देतो तो आकडा) उल्लेख, ही जोडी स्वतःचं युनिट लिहिणारे हमखास गाळतात. सिंकथिंग ब्राउझरमधून हाताळायच्या वेबपानावरचं ‘रीस्टार्ट’ दाबलं की प्रोग्रॅम ३ हा कोड देऊन बाहेर पडतो, स्वतःला अपग्रेड केल्यावर ४. मूळ युनिट या दोन्हींना अपयश मानत नाही, पण पुन्हा सुरू मात्र करतं. याऐवजी सरळ ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ लिहिलं तर वेबपानावरचं ‘शटडाउन’ बटण निरुपयोगी होतं: बंद केलेला प्रोग्रॅम लगेच परत हजर. मूळ युनिट आहे तसं वापरा. बदल हवा असेल तर ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने वेगळी पुरवणी फाइल करा, कारण पॅकेजच्या जागेतली फाइल पुढच्या अपडेटला पुसली जाते.

सिस्टम युनिटमधल्या सुरक्षेच्या ओळींचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं, पण त्या माहीत नसतील तर डोकं धरून बसावं लागतं. ‘प्रोटेक्टसिस्टम=फुल’मुळे सर्व्हिसला ‘/यूएसआर’, ‘/बूट’ आणि ‘/ईटीसी’ फक्त वाचता येतात. त्यातला एखादा फोल्डर सिंकला लावला, परवानग्या अगदी बरोबर दिल्या, तरी ‘फाइल सिस्टम केवळ वाचनासाठी’ अशी तक्रार येते. लोक डिस्क तपासायला धावतात. डिस्क ठणठणीत असते. तसंच ‘प्रायव्हेटटेम्प’मुळे सर्व्हिसला दिसणारा ‘/टेम्प’ वेगळा असतो. टर्मिनलमध्ये तिथे फाइली दिसतात आणि सिंकथिंगला तो रिकामा दिसतो. ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’मुळे बाहेरच्या स्क्रिप्टने जुन्या प्रती ठेवायची सोय वापरताना त्या स्क्रिप्टमध्ये सुडो चालत नाही. या ओळी काढून टाकण्यापेक्षा फोल्डरची जागा बदला.

डिस्क माउंट नसेल तर

दुसऱ्या डिस्कवर फोल्डर असतील तर हा भाग दोनदा वाचा. बूटवेळी डिस्क उशिरा माउंट झाली (ठरलेल्या फोल्डरच्या जागी जोडली गेली) किंवा झालीच नाही, तर माउंटची जागा रिकामी असते. भोळ्या सिंक प्रोग्रॅमला वाटेल की सगळ्या फाइली पुसल्या गेल्या, आणि तो तोच निरोप इतर मशीनना धाडेल. सिंकथिंग असं करत नाही. प्रत्येक फोल्डरच्या मुळाशी ते ‘.एसटीफोल्डर’ नावाची खूण ठेवतं. खूण सापडली नाही की तो फोल्डर थांबतो, ‘फोल्डर मार्कर सापडत नाही’ असं दाखवतो, आणि काहीही पुसलं जात नाही.

ही सोय उत्तम आहे, पण ती मोडायला एकच कमांड पुरते. खूण नाही म्हणतंय ना, मग आपणच बनवून देऊ, असं म्हणून कुणी रिकाम्या माउंटच्या जागी ‘.एसटीफोल्डर’ तयार केला की संरक्षण संपलं. पुढच्या स्कॅनला सगळ्या फाइली ‘पुसलेल्या’ ठरतात आणि ती बातमी सगळीकडे जाते. म्हणून ही तक्रार दिसली की आधी डिस्क माउंट आहे का बघा, खुणेला हात नंतर. आणखी खबरदारी हवी असेल तर डिस्क काढलेली असताना माउंटची रिकामी जागा ‘चॅटर +आय’ने गोठवून ठेवा, मग तिथे चुकूनही काही तयार होत नाही.

सिस्टम युनिटला ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ ही ओळ जोडता येते, म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होत नाही. सगळे फोल्डर एकाच डिस्कवर असतील तर जरूर जोडा. पाचांपैकी एकच फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असेल तर नको: एका डिस्कपायी बाकीचे चारही अडतील. तिथे खुणेवर भरवसा ठेवलेला बरा.

बदल लगेच का जात नाहीत

सिंकथिंग बदल दोन मार्गांनी टिपतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आयनोटिफाय या सोयीकडून येणारी सूचना, आणि दर ३६०० सेकंदांनी होणारं पूर्ण स्कॅन. आयनोटिफायला प्रत्येक डिरेक्टरीमागे एक वॉच (पहारा) लागतो आणि प्रत्येक वापरकर्त्याला मर्यादा असते. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ होती. ५.११ पासून ती रॅमच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे मोठ्या मशीनवर हा प्रश्न उरलेला नाही. छोट्या बोर्डांवर आणि जुन्या सर्व्हरवर आहे. शिवाय ही मर्यादा वाटून घेतलेली असते: त्याच वापरकर्त्याचा कोड एडिटरही त्यातूनच वॉच घेतो.

मर्यादा संपली की सर्व्हिस पडत नाही. वेबपानावर त्या फोल्डरपाशी एक सूचना येते आणि सिंक ‘चालतं, पण तासाभराने’ असं होतं. सिस्क्टलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक फाइल करून ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस’ २०४८०० करा, सिस्क्टल पुन्हा वाचायला लावा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

सगळं ठीक असतानाही बदल त्याच क्षणी जात नाही. सूचना आल्यावर १० सेकंद थांबून बदल एकत्र केले जातात, आणि पुसलेल्या फाइलींसाठी त्यावर आणखी एक मिनिट थांबलं जातं. तो दोष समजू नका. एनएफएस किंवा सांबा शेअरवरचे, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचे वापरलेले, फोल्डर मात्र वेगळे. दुसऱ्या मशीनने तिथे केलेला बदल आयनोटिफायला कळतच नाही. तिथे स्कॅनचं अंतर कमी करा, किंवा त्याहून बरं म्हणजे सिंकथिंग त्या शेअरच्या मूळ मशीनवरच चालवा.

वेबपान आणि पोर्ट

वेबपान १२७.०.०.१ वर ८३८४ या पोर्टला उघडतं, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून. स्क्रीन नसलेल्या मशीनसाठी लोक पत्ता ०.०.०.० करून मोकळे होतात. पासवर्ड न ठेवता असं करणं म्हणजे सर्व्हिसला जेवढ्या फाइली दिसतात तेवढ्या अख्ख्या नेटवर्कसमोर उघड्या टाकणं. एसएसएचचा ‘-एल’ पर्याय वापरून आपल्या मशीनवरचा ९०९० पोर्ट पलीकडच्या ८३८४ ला जोडा आणि ब्राउझरमध्ये ९०९० उघडा. आपल्याकडचा ८३८४ न वापरण्याचं कारण, तिथे बहुधा आपलं स्वतःचं सिंकथिंग बसलेलं असतं. पासवर्ड तरीही ठेवाच: अनेक वापरकर्त्यांच्या मशीनवर १२७.०.०.१ सगळ्यांनाच उघडं असतं.

फायरवॉलमध्ये २२००० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी, आणि स्थानिक शोधासाठी २१०२७ यूडीपी. हे बंद असले तरी जोडणी होते, पण सार्वजनिक रिलेमार्गे, म्हणजे मधल्या निरोप्या सर्व्हरमार्गे. मजकूर एन्क्रिप्टेड राहतो, वेग मात्र रडतो. डिव्हाइसच्या तपशिलात जोडणीचा प्रकार ‘रिले’ दिसला तर आधी फायरवॉल बघा.

छोट्या मशीनवर

पहिलं स्कॅन जड असतं, कारण प्रत्येक फाइलचे १२८ केआयबी ते १६ एमआयबी आकाराचे तुकडे करून त्यांचे हॅश काढले जातात. प्रोग्रॅम स्वतःचा प्राधान्यक्रम आपणहून खाली ठेवतो, तरी कमी रॅमच्या बोर्डावर ते जाणवतं. अशा वेळी युनिटमधली ‘मेमरीमॅक्स’ ही रॅमची मर्यादा घट्ट आवळणं हा सगळ्यात वाईट उपाय. मर्यादा ओलांडताच कर्नल प्रक्रिया मारतो, सिस्टमडी ती पुन्हा उठवतं, स्कॅन पुन्हा सुरू होतं, पुन्हा मर्यादा ओलांडली जाते. दिवसभर प्रोसेसर तापलेला आणि काम शून्य. ‘मेमरीहाय’ वापरा, त्याने प्रक्रिया मरत नाही, मंदावते. त्याजोडीला प्रगत सेटिंगमध्ये फोल्डरचा ‘हॅशर्स’ (एका वेळी किती हॅश काढायचे तो आकडा) १ करा आणि एका वेळी एकाच फोल्डरवर काम होऊ द्या. नंतरची स्कॅन हलकी असतात: वेळ आणि आकार बदलला नसेल तर फाइल उघडून वाचलीच जात नाही. वॉच नीट चालत असतील तर पूर्ण स्कॅन दिवसातून एकदा ठेवलं तरी भागतं.

२.० वर जाताना

अपग्रेडनंतर पहिल्यांदा सुरू होताना जुना डेटाबेस नव्यात उतरवला जातो. लाखो फाइली असतील तर याला बराच वेळ लागतो. ‘अडकलं वाटतं’ म्हणून सर्व्हिस मारू नका, जर्नल (सिस्टमडीचा लॉग) बघत बसा. स्वतः लिहिलेल्या युनिटमध्ये लांब पर्यायांना एकच डॅश दिलेला असेल तर २.० तो स्वीकारत नाही, दोन डॅश करा.

नव्या आवृत्तीत पुसलेल्या फाइलींची नोंद कायम राहत नाही, १५ महिन्यांनी विसरली जाते. त्याहून जास्त काळ कपाटात पडलेला लॅपटॉप एक दिवस जोडला, तर कधीच्या पुसलेल्या फाइली परत अवतरू शकतात. असं मशीन जोडण्याआधी त्यावरचा फोल्डर रिकामा करून नव्याने घेतलेला बरा.

अपडेट कुणी करायचं हेही ठरवून टाका. पॅकेजने घातलेला प्रोग्रॅम पॅकेजनेच बदलावा, आणि त्यानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करावी. नाहीतर डिस्कवर नवी आवृत्ती आणि मेमरीत जुनीच चालू राहते. बायनरी स्वतः उतरवून ‘/यूएसआर/बिन’मध्ये टाकली तर सर्व्हिसच्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही आणि आपोआप अपग्रेड होत नाही.

न बोलण्याचा दोष

‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ हिरवं दिसतं म्हणजे प्रक्रिया जिवंत आहे, एवढंच. फोल्डर खुणेअभावी थांबलेला असो, डिस्कवर १ टक्क्याहून कमी जागा उरल्याने फाइली येणं बंद झालेलं असो, पलीकडचं मशीन महिनाभर जोडलेलं नसो, रंग हिरवाच. युनिटला ‘ऑनफेल्युअर’ (सर्व्हिस पडली की दुसरं काम सुरू करणारी ओळ) जोडूनही फायदा नाही, कारण अपयश प्रक्रियेचं नसून फोल्डरचं असतं. ईमेल किंवा फोनवर सूचना धाडायची सोय आत नाही. वेबपान उघडलं तरच कळतं, आणि सर्व्हिस म्हणून लावलेल्या प्रोग्रॅमचं वेबपान कोण रोज उघडतं?

याचा उपाय आपणच करायचा. आरईएसटी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने सिंकथिंगला प्रश्न विचारायचा मार्ग, चांगला आहे. कॉन्फिगरेशनमधली एपीआय की घेऊन फोल्डरांची स्थिती आणि डिव्हाइस शेवटचं कधी दिसलं हे विचारणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट सिस्टमडी टायमरवर दर तासाला चालवा. तिच्यातच नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेल्या फाइली शोधा. एकच फाइल दोन मशीनवर जोडणी नसताना बदलली की हरलेली प्रत या नावाने शेजारी ठेवली जाते, आणि तिच्याबद्दलही कुणी काही सांगत नाही.

जुन्या प्रतींचा नियमही असाच गैरसमजाचा. व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती ठेवायची सोय, फक्त दुसऱ्या मशीनकडून आलेल्या बदलांना लागू होतं. तुमच्याच मशीनवर तुम्ही फाइल पुसली तर तिथल्या ‘.एसटीव्हर्जन्स’मध्ये ती मिळणार नाही. पलीकडच्या मशीनवर व्हर्जनिंग चालू असेल तर तिथे मिळेल. म्हणून कायम चालू असलेल्या सर्व्हरवर ‘स्टॅगर्ड’ प्रकार लावा. पहिला तास दर ३० सेकंदांची, पहिला दिवस दर तासाची, ३० दिवस दररोजची आणि पुढे आठवड्याची एक प्रत उरते. तरी हा बॅकअप नव्हे, आणि चालू डेटाबेसच्या फाइली तर यातून मुळीच फिरवू नका: अर्धवट लिहिलेली अवस्था पलीकडे पोचते. ‘.एसटीइग्नोर’ (काय वगळायचं त्याची यादी) सिंक होत नाही, तो प्रत्येक मशीनवर वेगळा लिहावा लागतो, हेही इथेच नोंदवून ठेवू.

लिनक्सबाहेर कौतुकाचा सूर उतरतो. विंडोजवर मूळ सर्व्हिस नाही. एनएसएसएम या साधनाने करता येते, पण लोकलसिस्टम या विंडोजच्या सर्वाधिकारी खात्याने चालवली तर रूटसारखाच घोळ होतो आणि जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह तिला दिसत नाहीत. साध्या वापराला टास्क शेड्युलर बरा. मॅकवर होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकाची सर्व्हिस ठीक चालते, फक्त डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप सिंक करायचे असतील तर ‘फुल डिस्क ॲक्सेस’ द्यावा लागतो. अँड्रॉइडचं अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून इतरांनी पुढे नेलेलं ॲप, चालू आहे.

लावून झाल्यावर एक चाचणी न चुकता करा. मशीन रीबूट करा, लॉगिन करू नका, एसएसएचनेही आत जाऊ नका. दुसऱ्या मशीनच्या वेबपानावर ते डिव्हाइस ‘जोडलेलं’ दिसतं का बघा, आणि एक छोटी फाइल टाकून त्या डिव्हाइसची टक्केवारी परत १०० वर येते का ते पाहा. त्यानंतरच आत जाऊन ती फाइल कुणाच्या मालकीची झाली आहे ते तपासा.